अकरा शेतकरी, एक फोन

"डिझाइन करून राहिला का तीर्थयात्रा?" ठोंबरे सरांनी मला स्टँड-अपमध्येच धरलं. स्टँड-अप म्हणजे टीमची रोजची उभ्याउभ्या मीटिंग, पंधरा मिनिटांची. आमची इतकी लांबायची की शेजारच्या ऑफिसात बसलेल्यांचेही पाय दुखायचे.

गुन्हा एवढाच, मी अर्धा दिवस शहपुऱ्याला, मटार पिकवणाऱ्या भागात, जाऊन आलो होतो. मटार व्यापाऱ्यांच्या एका समितीसाठी आम्ही ॲप बनवत होतो. शेतकऱ्यानं मोबाइलवर मंडीचं टोकन काढायचं, गाड्यांची रांग संपवायची. रांग अशी, की शेवटच्या गाडीतल्या मटाराला पोत्यातच कोंब फुटावेत. शुक्रवारच्या डेमोत अडखळलात तर काम इंदूरच्या कंपनीला, असं समितीनं बजावलेलं.

"सर, शेतकरी मंडीत येतच नाही," मी म्हणालो. "अकरा जणांचा माल एका पिकअपमध्ये येतो. टोकन ड्रायव्हर काढणार. आपलं ॲप एका नंबरवर एकच टोकन देतं."

"युझर स्टोरीत शेतकरी लिहिलाय." युझर स्टोरी म्हणजे कोणाला काय हवं, याची एका ओळीची चिठ्ठी. ही सरांनी एसीत बसून लिहिलेली, बहुधा मटार-पनीर खाताना. "स्प्रिंट चालू आहे. काहून मधात घुसतो? तू बटनाचा हिरवा रंग बघ."

स्प्रिंट म्हणजे दोन आठवड्यांत कामाचा एक तुकडा संपवणं. त्यात डिझायनरला बोलावतात ते घर बांधून झाल्यावर, तोरण लावायला. मी सरांसमोर हिरव्याच्या चाळीस छटा ठेवल्या. ते दोन तास त्यांत रमले. तेवढ्यात मी शहपुऱ्याच्या भूरा ड्रायव्हरला फोन केला, "भैया, शुक्रवारी माल उतरवून आमच्या ऑफिसात चहाला या."

डेमोत समितीचे अध्यक्ष साहूजी यांनी ॲप उघडलेला फोन सरळ चहाला आलेल्या भूराभैयाच्या हाती दिला. "चलो, तुम निकालो."

पहिलं टोकन निघालं. सर असे फुलले की शर्टाचं बटन उडालं. दुसऱ्या वेळी ॲप म्हणालं, हा नंबर वापरला आहे.

"बाकी दस का माल क्या करूँ जी? अपने घर ले जाऊँ?"

साहूजी उठलेच. ते दारापर्यंत पोचायच्या आत मी टेबलावर नव्या स्क्रीनचं चित्र काढलेला कागद पसरला. एक फोन, अकरा नावं, नावापुढे पोती. भूराभैयानं बोट ठेवत वाचलं. "हाँ, ये चलेगा."

साहूजी परत बसले. "दो हफ्ते," ते म्हणाले.

काम वाचलं. आता प्रत्येक स्प्रिंटआधी बोर्डावर कार्ड लागतं, 'वापरणाऱ्याला भेटा'. खाली नाव ठोंबरे सरांचं. कल्पना आपलीच, असं ते इंदूरपर्यंत सांगून राहिले.

डिझायनरला पहिल्या दिवशी बोलवावं. नाहीच जमलं, तर निदान ड्रायव्हरला.