मी कामाले नाही जात

आर्णीच्या बसस्टँडवर बा कंडक्टरशी भांडत होते. माझ्या पोत्याचं वेगळं तिकीट लागेल, असं कंडक्टरचं म्हणणं. बा म्हणाले, "अरे बाबा, आत काय तूर हाये का? पुस्तकं हायेत. पोरगी सायन्सले चालली." 'सायन्स' हा शब्द त्यांनी अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल असा उच्चारला. चहाच्या टपरीवरचे काका हसले. "निंदणाचे दिवस हायेत भाऊ, अन् पोरीले कायले धाडून राह्यले? दोन हात कमी होतीन ना घरात." बा लगेच म्हणाले, "दोन हात मी भाड्यानं आणीन. तिचं डोकं कोण भाड्यानं देते?" कंडक्टरनं पोतं फुकट चढवलं. याडी, म्हणजे माझी आई, खिडकीखाली उभी होती. ती रडली नाही. "मागं नको पाहू," एवढंच गोरबोलीत, आमच्या बंजारा बोलीत, म्हणाली. मी पाहिलंच.

तुम्ही जे तांड्यावर राहिलात आणि तुम्ही जे माझ्यासारखे यवतमाळ, अमरावती, पुणे करत निघून गेलात, त्या सगळ्यांना ते दिवस आठवत असतील. कापसानं साऱ्या जिल्ह्याला रडवलं ती वर्षं. पांढऱ्या गाड्या यायच्या, कॅमेरे यायचे, कुणाच्या घरी काय झालं तेवढं विचारून निघून जायचे. आमच्या शाळेपुढे एकही गाडी थांबली नाही. थांबली असती तर दिसलं असतं, की गुरुजी पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडांच्या, दोन ओळींमधलं अंतर मोजायला लावून आम्हाला क्षेत्रफळ शिकवताहेत आणि अख्खा वर्ग वावरात उभा राहून उत्तरावरून भांडतो आहे. त्या वर्षांचं हेही चित्र आहे. ते कुणाच्या कॅमेऱ्यात नाही, म्हणून मी लिहून ठेवते.

यवतमाळला अकरावीच्या पहिल्याच आठवड्यात फळ्यावर एक्स आला. माझ्या गणितात तोवर 'क्ष' होता. उत्कलनांक, घनता, त्वरण, सगळं मला येत होतं. पण इथं त्या सगळ्यांनी नावं बदलली होती आणि मला कुणी सांगितलं नव्हतं. "तांड्यावरची ना तू? आर्ट्सला जा, निदान पास होशील," असं एका सरांनी सांगितलं, तेही मायेनं. त्या मायेचा मला अजून राग येतो. वसतिगृहाच्या मॅडमनी शब्दकोश दिला, वरच्या वर्गातल्या मुलींनी रात्री जागून शिकवलं. त्यांचे उपकार मी कधी विसरणार नाही. पण इतक्या जणांनी उपकार करावे लागावेत, इतकं ते अवघडही नव्हतं. सुरुवातीचे काही महिने कुणी मराठी-इंग्रजी दोन्ही भाषांत शिकवलं असतं तरी भागलं असतं. माझ्यासोबत आलेल्या दोघी दिवाळीच्या सुट्टीत गेल्या त्या परतल्याच नाहीत. त्या माझ्यापेक्षा हुशार होत्या.

त्या दोघी डोक्यातून जात नव्हत्या. म्हणून एमएस्सी झाल्यावर पुण्यातल्या एका संस्थेत लागले. मुलं विज्ञान-गणित कुठं सोडतात, का सोडतात, पुढे कुठल्या वाटेला लागतात, याचा ही संस्था अभ्यास करते. आता माझे दिवस सॅम्पल, डेटा आणि रिव्ह्यू मीटिंग या शब्दांत जातात. मी रुजू झाले तेव्हा आर्णीकडच्या शाळांतल्या मुलांची उत्तरं गोळा होऊन आली होती. त्यांच्यावरून ठरायचं होतं, की तिकडे दहावीनंतर विज्ञान-गणिताचा पूर्वतयारी वर्ग सुरू करावा, की शिलाई आणि मोबाइल दुरुस्तीचा. अहवालाच्या मसुद्यात वाक्य तयार होतं: 'तांड्यांवरील विद्यार्थ्यांमध्ये विज्ञानविषयक आकांक्षा अल्प आढळते.' कारण 'विज्ञान किंवा गणिताशी संबंधित काम करायला तुला आवडेल का?' या प्रश्नाला तांड्यावरच्या बहुतेक मुलांनी 'नाही' म्हटलं होतं. शिलाईत कमीपणा नाही. पण ती ज्यानं मागितली त्याला मिळावी.

दिवाळीत घरी गेले तेव्हा शेजारची पायल ओट्यावर बसून विद्युत परिपथाची आकृती काढत होती. नववीतली मुलगी, बल्बसुद्धा कंपासनं गोल काढणारी. तिनंही 'नाही'च लिहिलं होतं. का, असं मी विचारलं.

"मंग काय लिहू ताई? कामाले नाही जात मी. शाळेत जातो."

"अगं, तसलं काम नव्हतं ते."

"मंग कसलं? काम म्हनलं का निंदण, नाही तं वेचणी. मायले कवाचं सांगून राह्यली का मी कामाले येत नाही, अन् तुमच्या कागदावर 'आवडते' लिहू? मायनं वाचलं असतं तं दुसऱ्या दिवशीच वावरात नेलं असतं."

"तुझी माय कुठं वाचते?"

"ते नाही वाचत. पण गुरुजीच्या पोटात काही राह्यते का?"

मी हसले आणि मग हसू थांबलं. आपल्याकडे एसटीच्या ड्रायव्हरची ड्युटी असते, गुरुजींची नोकरी असते. काम असतं ते आपलं, उन्हातलं, शाळा बुडवून करायचं. ज्या पोरांनी शाळा सोडायला ठाम नकार दिला होता, त्यांच्या नकाराला पुण्यातल्या टेबलावर 'आकांक्षा अल्प' असं नाव पडलं होतं.

परत येऊन मी हे प्रकल्पप्रमुख सरांना सांगितलं. माणूस चांगला, पण घाईत.

"तू तिथली आहेस, म्हणून तुला तसं वाटतंय. आकड्यांना भावना नसतात."

"आकडे बरोबर आहेत सर. प्रश्न चुकलाय."

"तू फार जवळून बघतेयस."

"सूक्ष्मदर्शकही तेच करतो सर."

पुन्हा विचारायचं तर अहवाल लांबणार होता आणि माझं कंत्राट त्याच महिन्यात संपत होतं. सरांनी त्याची आठवणही करून दिली. ते वाक्य राहणार असेल तर अहवालावर माझं नाव नको, असं सांगून मी बाहेर आले. याडीला फोन केला. तिनं सगळं ऐकलं आणि 'आकांक्षा' म्हणजे काय ते विचारलं. मी सांगितलं, तशी ती हसलीच. "आपल्याला ती नाही म्हणतात? मग मी तुला काय जत्रेला धाडलं होतं?"

सरांनी आठवडाभरानं बोलावलं, कंत्राटही वाढवलं. त्याच शाळांत पुन्हा विचारू म्हणाले, पण मुलांशी मी बोलायचं नाही, दुसरं कुणी बोलेल. अट रास्त होती. या वेळी प्रश्न होता: 'विज्ञान किंवा गणित शिकून पुढे नोकरी करायला आवडेल का? कोणती?' उत्तरं आली. हवामान सांगणारी बाई. रक्त तपासणारा. पंप बनवणाऱ्या कंपनीत. रेल्वेचे पूल. एकानं लिहिलं होतं, 'आधी सायन्स काय असते ते दाखवा, मंग सांगतो.' मसुद्यातलं ते 'आकांक्षा अल्प'चं वाक्य सरांनी माझ्यासमोर स्वतःच्या हातानं खोडलं. त्याबद्दल मी त्यांचा मान ठेवते.

आर्णीकडे विज्ञान-गणिताचा वर्ग सुरू आहे. मागून घेतलेल्या दोन खोल्यांत, फळ्यावर दोन्ही भाषांत. त्याची मंजुरी दर वर्षी नव्यानं मागावी लागते, दर वर्षी कुणीतरी 'तिथं गरज आहे का?' असं विचारतं, आणि दर वर्षी मी भांडते. थकत नाही.

पुण्यातले लोक मला विचारतात, आता गावी जाऊन सेवा का करत नाहीस? तांड्यावरचे तुम्ही विचारता, परत कधी येशील? मी दोघांनाही वचन देत नाही. डॉक्टरचा मुलगा परदेशी गेला तर त्याला कुणी असा जाब विचारत नाही. मला इथलं ग्रंथालय आवडतं, माझी भाड्याची खोली आवडते, आणि त्याची लाज बाळगायचं मी सोडून दिलं आहे. पण ज्या जागेबद्दल कुणी माझ्या माघारी एक ओळ जरी चुकीची लिहिली तरी मी खुर्ची सरकवून उभी राहते, ती जागा एकच आहे. तिलाच मी घर म्हणते. बाहेरच्या कुणाला आमच्याबद्दल काही लिहायचं असेल तर जरूर लिहावं. फक्त आधी मला विचारावं लागेल. थोडी वर्षं गेली, की पायललाही.