कामिनीच्या पायातली चप्पल

महाल वस्तीतल्या शामलाबाई डाखोळे यांच्या घरच्या फोडणीत मोहरी नसते. जिरं असतं, हिंग असतो, लसूण तर मुठीने असतो, पण मोहरी नाही. त्यांची स्वतःची मिरची-मसाल्याची गिरणी आहे. गिऱ्हाईकाची मोहरी त्या बिनबोभाट भरडून देतात, घरात मात्र तिचा दाणा येऊ देत नाहीत. गल्लीतल्या एखाद्या नव्या सुनेने विचारलंच तर म्हणतात, "मले तिचा राग आहे." आणि मिरचीच्या खकाण्यात उभा जन्म काढलेल्या बाईचा राग काय चीज असते, हे बाकीच्यांना चांगलं ठाऊक आहे.

हा राग तीस वर्षांचा आहे. त्यांची धाकटी बहीण कामिनी सक्करदऱ्याला दिली होती. माहेरी आणायचं ठरत होतं, तोवर दिवस भरायच्या आधीच ती सासरी बाळंत झाली. मुलगी झाली आणि त्याच रात्री कामिनी गेली. निरोप मिळाला तशी शामला धावत पोचली. घरचा कर्ता म्हणजे कामिनीचा थोरला दीर, रुपराव. तो दारातच उभा होता.

"झोपेतच गेली," तो म्हणाला. "कोनाले काही कराची सवडच भेटली नाही."

आत खाटेवर कामिनी होती. अंगावर गोधडी, आणि गोधडीखाली पायांत चप्पल. ओली बाळंतीण, खाटेवर, चप्पल घालून! शामलाने खोलीत इकडेतिकडे पाहिलं. तिथे दुसरं कोणी नव्हतं. तिने चपला काढून खाटेखाली सारल्या आणि बहिणीचे गार पडलेले पाय झाकले. हे तिने पुढे कोणालाच सांगितलं नाही. काय सांगणार? तिलाच त्याचा अर्थ लागत नव्हता.

बाळंतपणात गेलेली बाई भूत होऊन परत येते, असं तेव्हा मानायचे. आजही मानतात, फक्त चारचौघांत बोलत नाहीत. म्हणून तिरडीमागे रस्ताभर मोहरी टाकत जायचं. ती बिचारी दाणे वेचत बसते, तोवर उजाडतं आणि तिचं घर गाठायचं राहून जातं. काय डोकं लावलंय बघा! जी जिवंत असताना कोणाच्या खिजगणतीत नव्हती, तिची मेल्यावर एवढी धास्ती. कामिनीच्या मागेही मोहरी पडली. शामलाने अंगणातला खराटा उचलला आणि सगळ्यांच्या देखत रस्ता झाडायला घेतला. बाया ओरडल्या, एकीने हात धरला.

"सोड वं! तिले याचं असन तर येऊ दे," शामला म्हणाली. "तिचं लेकरू आहे इथं."

कामिनीच्या नवऱ्याने वर्षाच्या आत दुसरा संसार थाटला. लेकरू शामलाने महालात आणलं, गुंजन नाव ठेवलं, वाढवलं, शिकवलं आणि बेसा गावच्या चांगल्या घरी दिलं. गुंजन तिला मावशीच म्हणते, पण तिचं माहेर म्हणजे ती गिरणी आणि गिरणीमागच्या दोन खोल्या.

यंदा गुंजनला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, यात विचारायचं काय? शामलाबाईंनी आतली खोली रंगवून घेतली, मऊ लुगडी फाडून दुपटी शिवली, डिंक आणून ठेवला. आणि बेसाहून फोन आला.

"मावशी, सासूबाई नाही म्हणून राहिल्या," गुंजन म्हणाली. "त्यांनी तो व्हिडिओ पाहिला."

"कोणता व्हिडिओ?"

गुंजनला सांगवेना. तिने तो पाठवून दिला.

रुपरावचा नातू मोहित भुताखेतांचे व्हिडिओ करतो. संध्याकाळी सक्करदऱ्याच्या तलावाच्या बाजूने लोकांना फिरवतो, भुताच्या जागा दाखवतो. चांगली शिकलीसवरली माणसं हौसेने तिकीट काढून घाबरायला येतात. या वेळी त्याने घरचंच भूत बाहेर काढलं होतं: सक्करदऱ्याची बाळंतीण. नावानिशी, कामिनी म्हणून! बहिणीने मोहरी झाडली, म्हणून तिला वाट मोकळी झाली, ती वाट थेट महालातल्या बहिणीच्या घरी जाते, असंही त्यात होतं. असल्या घरात गुंजनची सासू सून बाळंतपणाला कशाला पाठवील?

शामलाबाईंनी गिरणीचा पट्टा थांबवला आणि तिथेच स्टुलावर बसून पाहिलं. गोष्ट सांगायला खुर्चीत बसवला होता खुद्द रुपराव. पिकलेल्या मिश्या, डोक्यावर पांढरी टोपी, अगदी हयात गावच्या भल्यात गेल्यासारखा चेहरा.

"चिंचेखाली उभी राह्यते," तो सांगत होता. "रिक्षावाल्याले हात करते. म्हणते, रिक्षा थांबवा ना भाऊ, दवाखान्यात न्या. मी केव्हाची चप्पल घालून बसली."

शामलाबाईंच्या हातातून फोन तिखटात पडला. त्यांनी उचलून पुसला, पुन्हा लावला, पुन्हा ऐकलं. मग गिरणीला कुलूप घातलं आणि सक्करदऱ्याला निघाल्या.

उन्हं कलली होती. रुपरावच्या घरासमोरच्या त्या चिंचेखाली दहापंधरा माणसं जमली होती, मोहित फोन समोर धरून सगळं थेट दाखवत होता आणि रुपराव आपल्या दारासमोर खुर्ची टाकून बसला होता. शामलाबाई सरळ त्या खुर्चीसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"सांगा रुपरावजी. कामिनी काय म्हणते ते सांगा एकदा."

मोहितला वाटलं, आज मजा आली. त्याने फोन जवळ आणला. रुपराव जरा चाचरला, पण लोक बघत होते. त्याने रिक्षा सांगितली, दवाखाना सांगितला, चप्पल सांगितली.

"चपलेचं तुमाले कोनं सांगतलं?"

"लोक सांगतात."

"कोणते लोक? तिच्या पायातली चप्पल मी काढली. या हातांनं. अन् आजवर कोनाजवळ बोलली नाही. मग लोकाईले कसं मालूम? झोपेत गेली म्हणत होते ना तुमी? झोपेत कोनी चप्पल घालते का, गा?"

कोणी हसलं नाही. रुपरावने टोपी काढली, पुन्हा घातली.

"ती बसली होती खाटेवर," शामलाबाईंचा आवाज चढला. "रक्त जाऊन राह्यलं होतं अन् ती चप्पल घालून तयार बसली होती. तुमाले म्हणे, भाऊजी, रिक्षा बोलवा. खरं की खोटं?"

"पाचवी झाली नव्हती!" रुपराव एकदम बोलला. "पाचवीच्या आत बाळंतिणीनं उंबरा ओलांडला तर घराण्याले दोष लागते. आमच्यात कोनीच ओलांडला नाही. मी एकटा कसा जाऊ देऊ?"

बोलून गेल्यावर त्याला कळलं आपण काय बोललो. तो खाली बघू लागला. तीस वर्षं या माणसाने तिचे शेवटचे शब्द भुताच्या तोंडी घालून विकले, शेकोटीभोवती सांगितले, नातवाला सांगितले, आणि ऐकणाऱ्या एकालाही विचारावंसं वाटलं नाही की बाई दवाखान्यात न्या म्हणते, तर तिला नेलं का नाही कोणी! सगळे रिक्षावाले गोष्टीत पळूनच जातात. संताप संताप होतो.

मोहितचा चेहरा उतरला होता. "आजी, मी काढून टाकतो तो व्हिडिओ."

"काहून? राहू दे," शामलाबाई म्हणाल्या. "फक्त भुताचं नाव बदल. कामिनीचं काढ अन् तुझ्या आज्याचं टाक."

घरी आल्यावर त्या जेवल्या नाहीत. गुंजनला फोन करावा असं फार वाटलं, पण काय बोलणार? तुझी आई मरण आलं म्हणून गेली नाही, तिला जगायचं होतं, हे पोटुशीला कसं सांगायचं?

सांगायची गरज पडली नाही. सकाळी गिरणीसमोर रिक्षा थांबली. गुंजन सावकाश उतरली, मागून सासूबाई पिशवी घेऊन उतरल्या. बेसाला दोघींनी ते सगळं थेट पाहिलं होतं. सासूबाईंनी पिशवी आतल्या खोलीत नेऊन ठेवली आणि म्हणाल्या, "दुखू लागलं तर कोनाची वाट पाहू नका, बाई. मग दिवस कोणता का असेना."

गुंजन खाटेवर टेकली. पाय सुजले होते, चपलेचा पट्टा रुतला होता, वाकायला येईना. शामलाबाई खाली बसल्या, एकेक चप्पल हळूच काढली आणि पाय मांडीवर घेतले.

पाय गरम होते.