तेवीस लिटर आणि अण्णांची जीभ

देवदत्त जगदाळेला आयर्लंडमध्ये अकरा वर्षं झाली होती आणि या अकरा वर्षांत तो कशाला घाबरल्याचं कोणाला आठवत नव्हतं. लिक्सलिप गावातल्या कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात तो प्रोसेस इंजिनीअर. ज्याला आकडा नाही ती गोष्टच नाही, असं मानणारा. भाजीत मीठ कमी असलं तर 'दहा टक्के कमी आहे' म्हणणारा. असा हा माणूस २०२१च्या एप्रिलमध्ये बारा दिवस एका प्लास्टिकच्या बादलीपुढे जीव मुठीत धरून बसला होता, हे कारखान्यात सांगितलं तर लोक हसतील. त्याने कोणाला सांगितलेलंच नाही. बायकोला माहीत आहे, तेही तिने वही वाचली म्हणून.

बादली घरात आली ती २०२०च्या पहिल्या लॉकडाऊनमध्ये. पब बंद, आठवड्यातले तीन दिवस काम घरून, आणि पाच किलोमीटरच्या पलीकडे जायला बंदी. कोणी पाव भाजायला लागलं, कोणी केस कापायला. देवदत्तने तेवीस लिटरची झाकणाची बादली मागवली आणि बिअर लावली. आयरिश घरात गरम पाण्याच्या टाकीभोवती एक कपाट असतं, त्याला हॉट प्रेस म्हणतात. टॉवेल उबदार राहावेत म्हणून असलेल्या त्या कपाटात त्याने बादली बसवली आणि टॉवेलांना बाहेरचा रस्ता दाखवला. झाकणावर पाण्याने भरलेली एक वाकडी नळी असे. आत यीस्ट साखर खायला लागलं की त्यातून बुडबुडा येई. गुडुप. थोड्या वेळाने पुन्हा गुडुप. तो आवाज जिन्यातूनही ऐकू यायचा.

पहिल्या चार-पाच बिअर पुस्तकाबरहुकूम झाल्या. मग रक्ताने उचल खाल्ली. त्याचे वडील बाळासाहेब, ज्यांना घरात सगळे अण्णा म्हणत, कऱ्हाडला चाळीस वर्षं गोळ्यांचा कारखाना चालवत होते. कारखाना म्हणजे दोन भट्ट्या, तीन कढया आणि सहा माणसं. लिमलेटच्या गोळ्या, संत्र्याच्या फोडीसारख्या गोळ्या, पेपरमिंट. अण्णा पाकाचा थेंब जिभेवर ठेवून भट्टी किती वेळ आणखी ठेवायची ते सांगत आणि त्यांचं कधी चुकत नसे. ज्याच्या हातून पाक करपला तो माणूस त्या दिवशी त्यांच्या नजरेला नजर देत नसे. आणि कोणाच्या तोंडाला दारूचा वास आला तर दुसऱ्या दिवशी त्याने कामाला यायचं नाही, हा नियम होता.

तर देवदत्तने गोळ्या विरघळवून बिअरमध्ये घालायला सुरुवात केली. लिक्सलिपच्या मुख्य रस्त्यावर काचेच्या बरण्यांतून गोळ्या विकणारं एक जुनं दुकान होतं. लवंगेच्या गोळ्या, बडीशेपेच्या, लिंबाच्या, आणि पेअर ड्रॉप्स नावाच्या, ज्यांना पेअरपेक्षा नेलपॉलिश काढायच्या औषधाचा वास जास्त येतो. गोळीतली साखर यीस्ट खाऊन टाकतं आणि मागे नुसता स्वाद उरतो. प्रयोगासाठी तो फोनवर अण्णांकडून पाकाच्या खाचाखोचा विचारून घेई. मुलांच्या शाळेसाठी हवंय, असं सांगे. त्याला मूलबाळ नव्हतं, पण अण्णांनी शेजारची मुलं धरली असावीत. मुलगा शेवटी आपल्या धंद्यात आला याचा त्यांना इतका आनंद झाला की देवदत्तला खरं सांगायचं धाडस झालं नाही.

२०२१च्या एप्रिलमध्ये अण्णांना कोविड झाला. कऱ्हाडात खाट मिळेना. बहीण स्वरूपा त्यांच्याबरोबरच राहत होती. तिने कुठून तरी ऑक्सिजनचं मशीन भाड्याने मिळवलं आणि घरीच उपचार सुरू झाले. देवदत्तने तिकीट काढलं, ते रद्द झालं. दुसरं काढलं, तेही झालं. मग स्वरूपाने अण्णांच्या उशाशी फोन उभा करून ठेवला आणि इकडे देवदत्तने लॅपटॉपशेजारी. दिवसभर तो कामाच्या मीटिंगा करी आणि एका कानाने अण्णांच्या मशीनच्या बाटलीतलं पाणी गुडगुडताना ऐकत राही. पलीकडे हॉट प्रेसमध्ये बादली गुडगुडत असे. कधी कधी कोणता आवाज कुठला हे त्याला कळत नसे आणि तो उठून दोन्हीकडे बघून येई.

पाचव्या दिवशी अण्णांची चव गेली. मीठ, गूळ, मिरची, काहीच कळेना. ऑक्सिजन नव्वदच्या आसपास होता. त्याच दुपारी बादली थंडावली म्हणून देवदत्तने जेवणाच्या सुट्टीत लवंगेच्या गोळ्यांचा पाक करून तिच्यात ओतला. तासाभरात बुडबुडे सुरू झाले. संध्याकाळी स्वरूपा आनंदाने सांगत आली की अण्णांना चव आली, तोंडात लवंग आलीय म्हणतात. तिने लगेच गुळाचा खडा त्यांच्या जिभेवर ठेवला. काहीच नाही. नुसती लवंग.

देवदत्तने ते योगायोगात टाकलं. त्याच्याकडे अशा गोष्टींसाठी मोठा डबा होता.

दोन दिवसांनी त्याने लिंबाच्या गोळ्या शिजायला ठेवल्या आणि मध्येच मीटिंग लागली. परत आला तेव्हा पातेल्यात तपकिरी धूर. टाकवेना म्हणून त्याने तो पाक तसाच बादलीत ओतला. वीस मिनिटांनी फोनमधून अण्णांचा आवाज आला. बोलताना त्यांना धाप लागत होती, पण आवाजात जुनी जरब होती.

"पाक कोण करपवतंय रं?"

स्वरूपा म्हणाली, अण्णा, इथे कोणी काही करत नाहीये, गॅस बंद आहे. अण्णा म्हणाले, लिंबाच्या गोळीचा पाक आहे, करपलाय, मला काय कळत नाही का? देवदत्त हातात पातेलं घेऊन जिन्यावर बसला. 

तरी तो इंजिनीअर. त्याने चाचणी घ्यायची ठरवली. कोणाला न सांगता दुसऱ्या दिवशी पेअर ड्रॉप्स ओतले. अण्णांनी ही गोळी जन्मात खाल्ली नव्हती. अर्ध्या तासाने ते तोंड वाकडं करून स्वरूपाला म्हणाले, "पोरी नखाला लावतात ना, तसला वास हाय. पण गोड हाय."

त्या दिवशी देवदत्तने वही केली. वेळ, कोणत्या गोळ्या, मिनिटाला किती बुडबुडे, अण्णांचा ऑक्सिजन किती. आणि वहीत जे दिसलं त्याने त्याची झोप उडवली. बादली मंदावली की अण्णांचा आकडा खाली येत होता. एकोणनव्वद, अठ्ठ्याऐंशी. पाक ओतला की तासाभरात वर. एक्याण्णव, ब्याण्णव. तीन वेळा झालं, चार वेळा झालं. योगायोगाच्या डब्यात आता जागा उरली नव्हती. बादली थांबली तर अण्णा जातील, हे त्याच्या मनाने घेतलं.

मग त्याने बादली थांबूच दिली नाही. दुकानातल्या बाईने विचारलं, पार्टीबिर्टी आहे की काय, पोलिसांना कळवू का? तो हसला आणि दोन किलो गोळ्या घेऊन आला. टॉफी, पेपरमिंट, बडीशेप, जे मिळेल ते. कऱ्हाडला अण्णा डोळे मिटून एकेक नाव सांगत होते. स्वरूपाला वाटलं, तापात जुना कारखाना आठवतोय. तिकडे अण्णांच्या तोंडाला स्वाद होता आणि ते त्यावर खूश होते. इकडे त्यांचा मुलगा मोजपट्टी लावून त्यांना जगवत होता आणि त्याला ठाऊक होतं की हे फार दिवस चालणार नाही. यीस्ट साखर खातं आणि अल्कोहोल सोडतं. ते वाढत गेलं की शेवटी स्वतःच केलेल्या अल्कोहोलमध्ये यीस्ट मरतं. जितकं खायला घालावं तितकं लवकर. बादलीतली बिअर केव्हाच बिअरच्या पुढे गेली होती.

दहाव्या दिवशी स्वरूपा फोनवर बोलली ती वेगळ्याच आवाजात. अण्णा आढ्याकडे बघून हसतायत, म्हणाली. जीभ जड झालीय. पलंग फिरतोय म्हणतात. डॉक्टरांनी औषधं तपासली, त्यात तसलं काही नाही.

देवदत्तने तिला पाच मिनिटं बाहेर जायला सांगितलं. पडद्यावर अण्णा एकटे राहिले. नाकात नळी, डोळे लाल. आयुष्यात त्यांनी थेंब घेतला नव्हता आणि आता ते दारू प्यालेल्या माणसासारखे मान सांभाळत होते. ते फोनकडे बघून म्हणाले,

"दत्ता, मला काय पाजतोयस?"

"बिअर आहे, अण्णा," देवदत्त म्हणाला. "मी बिअर करतो. मुलांसाठी नव्हतं ते. मी खोटं बोललो."

मशीन गुडगुडत राहिलं. आता हे रागावतील, आणि रागावले तरी चालेल, असं देवदत्तला वाटलं. अण्णा बराच वेळ जीभ टाळूला लावून बसले होते.

"पण चव हाय," ते म्हणाले. "थांबवू नगंस."

त्यानंतर देवदत्तला रडू आवरेना. चैत्राली, त्याची बायको, औषधांच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीचं काम करायची. वरच्या खोलीतून ती खाली आली तेव्हा नवरा हॉट प्रेससमोर जमिनीवर बसलेला, मांडीवर गोळ्यांची पिशवी आणि शेजारी वही. तिने वही उचलली आणि उभ्याउभ्या वाचली. दिवसभर ती हेच करायची, लोकांचे तक्ते वाचायचे आणि त्यांनी काय बघितलं नाही ते सांगायचं. मग ती त्याच्याजवळ बसली.

"मला हे खरं वाटत नाही," ती म्हणाली. "पण खरं असेल, तर तू उलटं वाचलंयस. ओतल्यावर आकडा वर जातो तेवढंच बघतोयस. त्यानंतर किती खाली येतो ते बघ. आधी अठ्ठ्याऐंशी, मग सत्त्याऐंशी, काल पंच्याऐंशी. आणि वर जातो तोही दर वेळी कमी. तू त्यांना टिकवत नाहीयेस, देवदत्त."

त्याने वही हातात घेतली. सगळे आकडे त्याच्याच अक्षरात होते. कारखान्यात एखाद्या पोराने असा तक्ता आणला असता तर त्याने त्याला बाहेर काढलं असतं. इतकं साधं दिसलं नव्हतं, कारण त्याला ते बघायचंच नव्हतं. बादली त्याच्या हातात होती, आणि बाकी काहीच नव्हतं. गॅसवर पाक तयार होता. तो त्याने सिंकमध्ये ओतला आणि वरून गरम पाणी सोडलं.

नंतरचे दोन दिवस कसे गेले ते त्याला विचारू नये. त्याने कामावर आजारी असल्याचं कळवलं आणि कपाटाचं दार उघडं टाकून खुर्ची मांडली. बुडबुडे मिनिटाला सहावर आले, मग दोनवर. मग पाच मिनिटांना एक. फोनमध्ये अण्णा झोपलेले, छाती वरखाली होताना. एका बुडबुड्यानंतर दुसरा आलाच नाही. शनिवार होता, दुपारी तीन. देवदत्त फोनच्या पडद्याकडे बघायला घाबरत होता. शेवटी चैत्रालीने बघितलं. स्वरूपा अण्णांच्या बोटाला ते छोटं यंत्र लावत होती. तिने ते फोनसमोर धरलं. एक्याण्णव.

रविवारी ब्याण्णव झाला. गुरुवारी चौऱ्याण्णव. पुढच्या आठवड्यात अण्णा भिंतीला धरून मोरीपर्यंत जाऊन आले, आणि मे संपता संपता मशीनवाला येऊन मशीन घेऊन गेला. देवदत्तने बादली परसात उलटी केली. तेवीस लिटर गवतात मुरलं आणि तिथे कित्येक आठवडे एकही मुंगी फिरकली नाही.

पण चव आली नाही. जून गेला, जुलै गेला. डॉक्टर म्हणाले, काही लोकांना वेळ लागतो. अण्णा जेवत होते, कारण स्वरूपा ताट पुढे ठेवत होती. चहात साखर आहे की नाही हे ते तिला विचारत. शेजारच्यांनी एकदा त्यांच्यापुढे कारखान्यातल्या जुन्या गोळ्यांचा डबा धरला. त्यांनी एक तोंडात टाकली, विरघळेपर्यंत बसले, आणि मग डबा लांब सारला. त्या दिवसापासून त्यांनी बोलणं कमी केलं.

ऑगस्टमधल्या एका रविवारी सकाळी त्यांनी स्वतःच फोन लावला. स्वरूपा बाजारात गेली होती, हे त्यांनी आधी सांगितलं. मग इकडचं तिकडचं बोलून म्हणाले, "दत्ता, ती बादली हाय का अजून?"

देवदत्त म्हणाला, आहे.

"मग लाव की. लई नगं. थोडंसं."

देवदत्तने त्यांना समजावलं. आकडे सांगितले, पंच्याऐंशी सांगितला, फुफ्फुसं अजून कच्ची आहेत हे सांगितलं. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. ते म्हणाले, चाळीस वर्षं या जिभेवर सहा घरं जेवली. आता तोंडात काय हाय ते मला लोकांना विचारावं लागतं. असं जगून मी काय करू ते तू सांग, तू शिकलेला हाईस.

 अण्णा वाट बघत होते. पडद्यावर त्यांचं तोंड फार लहान दिसत होतं.

"बरं," तो म्हणाला. "थांबा."

तो फोन टेबलावर ठेवून स्वयंपाकघरात गेला. नळ सोडला, बंद केला. पातेलं गॅसवर आपटल्याचा आवाज केला. दोन मिनिटं ओट्याला धरून उभा राहिला आणि परत आला. बादली परसात होती, कोरडी.

"ओतलं, अण्णा."

अण्णांनी डोळे मिटले आणि जीभ टाळूला लावली. देवदत्त त्यांच्याकडे बघत बसला. एक मिनिट गेलं, दोन गेली. खिडकीबाहेर कोणीतरी गवत कापत होतं.

"अजून नाही आलं," अण्णा डोळे न उघडता म्हणाले. "लांबनं यायचं, येळ लागणार. तू फोन ठेवू नगंस. मी थांबतो."