देवीच्या माळेचं स्टेटस

सुपातले तांदूळ अर्धेच निवडून झाले होते तेवढ्यात फोन वाजला. नूतनने पदराला हात पुसले आणि सूप मांडीवरून न उतरवताच फोन कानाला लावला. सरावलीच्या रखमाकाकू होत्या.

"नूतन, तुझं स्टेटस बघितलं."

"हो का काकू? आवडलं?"

"आवडलं काय गं? तुझी जाऊ माळ नाकाला लावून हुंगतेय त्यात! देवळात आत्ता पोचलीय ती हीच माळ का?"

नूतनने सूप मांडीवरून खाली ठेवलं.

चैत्रातल्या नवरात्रात गावदेवीला रोज संध्याकाळच्या आरतीला मोगऱ्याची माळ चढते. तिचा मान रखमाकाकूंच्या घराण्याचा, आणि ती गुंफायचं काम मसोलीच्या या घराकडे. आधी नूतनच्या सासूबाई गुंफायच्या. त्या गेल्यावर काकूंनी कुणालाही न विचारता काम नूतनकडे दिलं. माळेला हात लावण्याआधी नूतन आंघोळ करते आणि गाठी मारताना तोंडाने नामस्मरण चालू ठेवते. गिऱ्हाइकं शंभर मिळतात, पण देवीने घर बघून दिलेलं काम एकच असतं, असं ती मानते.

बाकी फुलांचं दुकान म्हणजे नाक्यावरची एक फळी आणि वर प्लास्टिक. दिवाळीपर्यंत रोजचे हार-गजरे सोडले तर विशेष काही नव्हतं. मग धाकटी जाऊ योगिता फोन घेऊन पुढे सरसावली. तिने वेण्यांचे व्हिडिओ करून स्टेटसला ठेवले, इन्स्टाग्रामवर खातं उघडलं. पहिल्या महिन्यात काही झालं नाही. मग एक दिवस ती म्हणाली, "ताई, फोनमधून वास जात नाही. मग वास दिसायला नको का?" तिने वेणी नाकाशी नेली, डोळे मिटले, लांब श्वास घेतला. बस्स, तेव्हापासून लग्नाच्या ऑर्डरी सुरू झाल्या. पार उंबरगावहून गुजरातीत फोन आले, "बेन, लगनमाटे वेणी मळशे?" लग्नाला वेणी मिळेल का म्हणून.

आज दुपारीही तसंच झालं. तलासरीकडच्या पाड्यावरून, नेहमी कळ्या पुरवणाऱ्या सुकीने सकाळच्या बसला कळ्या पाठवल्या होत्या. नूतनने माळ पुरी केली. योगिताने ती उचलली आणि सवयीने नाकाशी नेली. फोन धरला होता नूतननेच. उजेड बरोबर पडतोय का, चेहरा कापला जातोय का, एवढंच ती बघत राहिली. देवाचं फूल वाहण्याआधी हुंगू नये, हे लहानपणापासून कानावर पडलेलं, ते त्या वेळी आठवलंच नाही.

"नूतन, ऐकतेस ना? माळ तबकात आहे. गुरव विचारतोय, घालू का?"

समोर योगिता हातवारे करत होती. दुसरी होती म्हणून सांगा, दुसरी! आणि ते खपलंही असतं. माळेसारखी माळ, व्हिडिओवर काय तारीख लिहिलीय? पण देवीच्या गळ्यात ती पडली असती, आणि नूतनला उद्या त्याच देवीपुढे उभं राहायचं होतं.

"काकू, तीच आहे. घालू नका."

पलीकडे काकूंनी गुरवाला थांबायला सांगितलं.

"मग आज देवी तशीच बसणार?"

"नाही बसणार. तुमच्या विहिरीपाशी लाल कण्हेर फुललीय ना? मी निघाले."

फोन ठेवल्या ठेवल्या ती योगिताला म्हणाली, "आधी तो व्हिडिओ काढ."

"ताई, सहाशे जणांनी बघितलाय! बोर्डीहून दोघींनी भाव विचारलाय त्याच्यावर!"

"सहाशेंनी बघितला म्हणूनच काढ."

योगिताचा चेहरा उतरला, पण तिने काढला. "मला खरंच कळलं नाही हो," ती हळूच म्हणाली. नूतन म्हणाली, "मला तर कळत होतं ना? मीच फोन धरलेला." आणि सुई-दोरा घेऊन रिक्षात बसली.

दिवेलागणीनंतर झाडाला हात लावत नाहीत. ती काकूंच्या वाडीवर पोचली तेव्हा ऊन चिकूच्या शेंड्यांवर गेलं होतं. आंघोळीला वेळ नव्हता. विहिरीवर हातपाय धुतले, झाडाला हात जोडले आणि कण्हेर खुडायला लागली. रखमाकाकू परडी घेऊन मागे उभ्या राहिल्या. ओट्यावर बसून नूतनने माळ गुंफायला घेतली तेव्हा त्या समोर पाटावर बसून बघत राहिल्या. नूतनच्या तोंडात देवीचं नाव होतं, तरी दोन गाठी सुटल्या, पुन्हा मारल्या.

शेवटी तिनेच विचारलं, "काकू, उरलेले सहा दिवस?"

"तेच म्हणतेय मी. आशागडच्या एकीला माळेसाठी निरोप धाडायला निघाले होते."

"मग?"

"मग तू 'तीच आहे' म्हणालीस." काकूंनी परडीतलं एक पान काढून टाकलं. "पण ऐक. लग्नाच्या वेण्या आणि देवीची माळ तुम्ही एकाच परातीत कालवता, ते बंद. देवीच्या कळ्यांना वेगळी परडी, नवी. आणि त्या तुझ्या जावेला..."

"तिचं नाक बांधून बसवते."

काकूंना हसू आलं, पण त्यांनी ते पदराआड केलं. "नाक कशाला बांधतेस? माळ उतरली की प्रसाद होतो. तेव्हा हुंगू दे ना हवं तेवढं, आणि काढ व्हिडिओ. गळ्यात पडल्यावर फोटो पण काढ. माझी वसईची भाची रोज विचारते, आज देवी कशी दिसतेय म्हणून."

"तुम्ही तर म्हणायचात, मी फोन बघत नाही."

"फोन नाही बघत. देवी बघते."

माळ मोगऱ्याच्या मानाने आखूड झाली. रंगाने मात्र देवळात उठून दिसली. आरती झाल्यावर नूतनने एक फोटो घेतला, तो काकूंना दाखवला आणि त्यांनी मान हलवल्यावरच स्टेटसला ठेवला. खाली दुकानाचं नाव घालायचं की नाही, यावर तिने जरा विचार केला. मग घातलं.

परतताना रिक्षात बोर्डीच्या त्या दोघींपैकी एकीचा मेसेज आला, व्हिडिओ दिसत नाही, वेण्या करता ना अजून? करते, म्हणून तिने लिहिलं. आणि योगिताला फोन केला, "कळ्यांची बस यायच्या आत मी उद्या आशागडला जाऊन येते. टोपल्या विणणाऱ्या बारकीकडून देवीच्या कळ्यांना नवी परडी आणायचीय."