श्रूजबरीतलं शीतयुद्ध

आमच्या गराजमध्ये रिकामी खोकी आहेत. टीव्हीचं खोकं, मायक्रोवेव्हचं खोकं, दोन घरं आधीच्या प्रिंटरचं खोकं. कशाला ठेवलीत विचारलं तर सुधीरकडे, म्हणजे माझ्या नवऱ्याकडे, उत्तर नसतं. पण टाकवतही नाहीत. शनिवारचे किस्से आमच्याकडे असेच साठत गेलेत. मी ठरवून एकही जमवलेला नाही. मी फक्त चहा करते.

अमेरिकेतल्या आमच्या या श्रूजबरी गावात दर शनिवारी सकाळी दहा वाजता आमच्या किचन टेबलाशी रिटायर्ड मराठी मंडळी जमतात. कधी पाच, कधी आठ, पण दोघं कधी चुकत नाहीत. एक श्याम बापट. मूळचे पुण्याचे, सत्तरच्या दशकात अमेरिकेत आले आणि एका डिफेन्स कंपनीत चाळीस वर्षं रडारवर काम केलं. ऑफिसात त्यांना सॅम म्हणायचे, म्हणून आमच्या मुलांचे ते सॅमकाका. दुसरे अरुण देवधर. सांगलीचे, सोव्हिएत युनियनमध्ये पोलादाचं इंजिनिअरिंग शिकले, भारतात सरकारी कारखान्यात नोकरी केली, आणि बायको गेल्यावर मुलीकडे इथे राहायला आले. त्यांना सगळे कॉम्रेड म्हणतात.

सोव्हिएत युनियन मोडून एक अख्खी पिढी मोठी झाली. बातमी आमच्या किचनपर्यंत पोचायची आहे.

*

कॉम्रेड पहिल्यांदा आले तो दिवस मला लख्ख आठवतो. सुधीरनं ओळख करून दिली, "हे देवधर, रशियात शिकलेत." श्यामरावांनी हातातली बशी खाली ठेवली, खिशातून पेन काढलं आणि त्यांचं पूर्ण नाव विचारलं. मग जन्मगाव. मग रशियात कुठे, किती वर्षं, कोणाबरोबर.

कॉम्रेड बिचारे सांगत गेले. त्यांना वाटलं, सोयरीक जुळवतायत.

नंतर कळलं की कंपनीत असताना नियम होता, असा कोणी परदेशी संबंधातला माणूस भेटला की सिक्युरिटीला रिपोर्ट करायचं. मी म्हटलं, "अहो श्यामराव, तुम्हाला रिटायर होऊन नऊ वर्षं झाली!"

"वहिनी, सवय आहे," ते म्हणाले आणि हे सगळं टिपलेल्या पेपर नॅपकिनची त्यांनी नीट घडी करून खिशात ठेवली. तो रिपोर्ट त्यांनी कोणाला दिला, देव जाणे.

*

कॉम्रेडांचीही एक सवय होती. सुधीर त्यांना पहिल्यांदा इथल्या घाऊक दुकानात घेऊन गेला. ते विमानाच्या हँगरएवढं दुकान, छतापर्यंत माल. कॉम्रेड आल्याआल्या भांडवलशाहीवर बोलायला लागले. माणसाला केचपचे चौदा प्रकार कशाला लागतात वगैरे. सुधीर तांदूळ आणायला म्हणून वळला आणि परत येऊन बघतो तर कॉम्रेड गायब.

पाऊण तासानं सापडले. दुकानाच्या मागच्या बाजूला बरीच मोठी रांग होती, तिच्यात शांतपणे उभे. सुधीरनं विचारलं, इथे काय मिळतंय? म्हणाले, माहीत नाही. "रांग मोठी आहे, म्हणजे काहीतरी चांगलंच असणार. मॉस्कोत आम्ही आधी उभे राहायचो, मग विचारायचो."

फ्लूच्या लशीची रांग होती, इथे दुकानांतही लस टोचतात. तोपर्यंत नंबर जवळ आला होता आणि सोडवेना, म्हणून घेतली. त्या सीझनची त्यांची ती दुसरी.

श्यामरावांनी हा किस्सा पुढे निदान तीस जणांना सांगितला. प्रत्येक वेळी रांग लांबत गेली.

*

मग स्नोब्लोअर, म्हणजे दारातलं बर्फ उडवायचं यंत्र. आमच्या कल-डी-सॅकमध्ये, म्हणजे बंद गल्लीत, चार मराठी घरं. कॉम्रेडांनी मांडलं की चार घरांत चार स्नोब्लोअर हा शुद्ध मूर्खपणा आहे, एक सामाईक घ्यावा. सुधीरला पटलं. बाकीच्यांनाही पटलं. श्यामराव म्हणाले, जे सगळ्यांचं असतं ते कोणाचंच नसतं, मी माझा स्वतःचा घेणार. घेतलाही, सगळ्यात मोठा, पुढे हेडलाइट असलेला.

जानेवारीत दीड फूट बर्फ पडलं. सकाळी सामाईक ब्लोअर बाहेर काढला तर टाकीत पेट्रोल नव्हतं. प्रत्येक जण म्हणाला, मला वाटलं तुम्ही भरलंय. समोर श्यामराव त्यांच्या ब्लोअरचं बटण दाबत होते. तो सुरू होईना. आणि स्वतः उघडला तर वॉरंटी जाईल म्हणून ते उघडेनात. कंपनीचा माणूस मंगळवारी येणार होता.

शेवटी दोघांनी फावडी घेतली. सत्तरी उलटलेली माणसं, वरून एकमेकांशी भांडतायत, आणि भांडणाच्या भरात त्यांनी आमच्याही गराजपुढचा ड्राइव्हवे साफ केला. मी खिडकीतून बघत होते. थांबवलं नाही. खोटं कशाला बोलू?

*

आता श्यामरावांचं ते रडार. चाळीस वर्षं ते काय करत होते हे त्यांच्या बायकोला, मंगलला, माहीत नव्हतं. विचारलं की म्हणायचे, "क्लासिफाइड आहे." त्या एका शब्दावर मंगलनं चाळीस वर्षं डबे दिले. आमच्यात तिला एक वेगळाच मान होता. नवरा काहीतरी मोठं करतो, इतकं मोठं की सांगता येत नाही.

गेल्या वर्षी कंपनीनं जुनं प्रोजेक्ट खुलं केलं आणि रिटायर्ड लोकांना फॅमिलीसकट बोलावलं. मंगल पैठणी नेसून गेली. तिथे काचेच्या पेट्यांमध्ये एकेक पार्ट मांडलेला, खाली काम करणाऱ्याचं नाव. श्यामरावांच्या नावाची पेटी कोपऱ्यात होती. आत एक बिजागरी. रडारवर जे झाकण असतं, त्या झाकणाची बिजागरी.

मंगलनं वाकून खालचं नाव दोनदा वाचलं. मग म्हणाली, "यासाठी तुम्ही झोपेत बोलाल म्हणून वेगळ्या खोलीत झोपायचात?"

त्या शनिवारी आम्ही सगळे कॉम्रेडांकडे बघत होतो. आता हा माणूस श्यामरावांना सोडत नाही असं वाटलं. पण कॉम्रेडांनी बिस्किट चहात बुडवलं आणि एवढंच विचारलं, "मायनस तीसमध्ये आखडत नव्हती ना?"

"एकदाही नाही," श्यामराव म्हणाले.

"मग झालं तर."

*

यानंतरची गोष्ट मात्र गमतीची म्हणून सुरू झाली नाही. सांगलीला कॉम्रेडांची थोरली बहीण असते, ताई. अठ्ठ्याऐंशी वर्षांची, एकटी. आई लवकर गेली, त्यामुळे कॉम्रेडांना तिनंच वाढवलं. ती बाथरूममध्ये पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. कॉम्रेडांना तिच्याजवळ जाऊन राहायचं होतं, महिना-दोन महिने नाही, ती असेपर्यंत. पण ग्रीन कार्डवर इतके दिवस बाहेर राहिलं की कार्ड जातं, मग मुलगी आणि नातवंडं कायमची इकडे आणि हे तिकडे. सिटीझन झालं की तो प्रश्न मिटतो.

म्हणजे पन्नास वर्षं ज्या देशाला शिव्या दिल्या त्याचाच नागरिक व्हायचं. कॉम्रेडांनी ताईसाठी तेही ठरवलं आणि फॉर्म घेऊन आमच्याकडे आले. सुधीर लॅपटॉपवर भरायला बसला. नाव झालं, पत्ता झाला, आणि मग तो प्रश्न आला. तुम्ही कधी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद होता का?

श्यामराव खुर्ची पुढे ओढून बसले. हा प्रश्न त्यांच्या मते अमेरिकेनं खास या दिवसासाठी राखून ठेवला होता.

"खोटं लिहायचं नाही, देवधर," श्यामराव म्हणाले. "पकडले गेलात तर कायमचे जाल."

"नाही लिहा," कॉम्रेड म्हणाले.

"अहो, खोटं..."

"खोटं नाही. मला घेतलंच नव्हतं."

मग सगळं बाहेर आलं. तरुणपणी सांगलीत ते मोर्च्याला जायचे, पत्रकं वाटायचे, अभ्यासवर्गाला बसायचे. सभासदत्वाचा अर्जही केला होता. पण अभ्यासवर्गात त्यांनी एकदा विचारलं की क्रांती झाल्यावर गणपतीची मिरवणूक राहणार की बंद होणार? नेमकं सांगा, कारण ताई विचारत होती. जिल्हा समितीनं 'वैचारिक तयारी अपुरी' असा शेरा मारून अर्ज परत केला. रशियाची स्कॉलरशिप पुढे मिळाली ती मार्कांवर.

मी हसले. खरंच हसू आलं मला. श्यामरावांनीही तोंड उघडलं होतं, आता पुढची दहा वर्षं पुरेल एवढा मसाला मिळाला होता त्यांना.

"ताईला माहीत नाही," कॉम्रेड म्हणाले. त्याच सुमारास तिला मिरजेचं एक स्थळ आलं होतं. सगळं ठरलं, आणि मुलाच्या वडलांना कळलं की मुलीचा भाऊ कम्युनिस्ट पक्षात आहे. सरकारी नोकरीतली माणसं, घाबरली. त्यांनी सांगितलं, भावानं पक्ष सोडला असं लिहून द्या. ताईनं परस्पर उत्तर पाठवलं की माझा भाऊ काही सोडणार नाही, लग्न मोडलं तरी चालेल. मोडलं. पुन्हा कुठे जमलं नाही. अर्ज परत आला तो लग्न मोडल्यावर आठवड्यानं. तो घेऊन कॉम्रेड घरी गेले, तर ताई शेजारणीला अभिमानानं सांगत होती की आमचा अरुण पक्षाचा माणूस आहे.

"कसं सांगणार होतो?" त्यांनी आम्हाला विचारलं. श्यामरावांनी उघडलेलं तोंड मिटलं आणि सुधीरला म्हणाले, "पुढचा प्रश्न घे."

*

नागरिकत्वाच्या इंटरव्ह्यूत अमेरिकेबद्दल तोंडी परीक्षाही असते, तिची तयारी श्यामरावांनी अंगावर घेतली. रोज सकाळी कॉम्रेडांना स्वतःच्या घरी बोलवायचे, हातात प्रश्नांची यादी. त्यांचा एकच नियम, जेवढं विचारलं तेवढंच बोलायचं, चाळीस वर्षं मी तेच केलं.

यादीत एक प्रश्न होता, शीतयुद्धाच्या काळात अमेरिकेची मुख्य चिंता कोणती? छापलेलं उत्तर, कम्युनिझम. कॉम्रेड ते म्हणायलाच तयार नाहीत. त्यांच्या मते मुख्य चिंता कच्च्या मालाची होती, आणि बाजारपेठांची, आणि त्यांना नकाशा काढून दाखवायचा होता. चार दिवस त्या एका प्रश्नावर गेले. पाचव्या दिवशी मंगलनं स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलं, "अहो भाऊजी, चिंता त्यांची आहे ना? मग उत्तरही त्यांचंच असू दे की!"

हे मात्र कॉम्रेडांना तात्त्विकदृष्ट्या पटलं.

*

इंटरव्ह्यू गुरुवारी झाला. श्यामरावांनीच ड्राइव्ह केलं आणि पार्किंगमध्ये दोन तास बसून राहिले. शनिवारी आमच्या टेबलाशी कॉम्रेडांनी सगळा वृत्तान्त दिला.

तो पक्षाचा प्रश्न आलाच. ते 'नो' म्हणाले. ऑफिसर बाईंनी पुढे विचारलं, कुठल्याही प्रकारे संबंध होता का? श्यामरावांचा नियम तिथे मोडला. कॉम्रेडांनी अर्जापासून मिरवणुकीपर्यंत सगळं सांगितलं, जसं झालं तसं. बाई ऐकून म्हणाल्या की मीटिंगमध्ये जास्त प्रश्न विचारले म्हणून माझंही प्रमोशन दोनदा अडकलंय.

मग त्यांनी विचारलं, वेळ आलीच तर अमेरिकेसाठी शस्त्र हाती घ्याल का?

"यस म्हणालात ना?" श्यामरावांनी घाईनं विचारलं.

"मी विचारलं, कोणाविरुद्ध?"

श्यामरावांनी डोक्याला हात लावला. पण बाईंनी समोरच्या माणसाचं वय बघितलं, काठी बघितली, काय तो खुलासा करून घेतला आणि पुढे गेल्या. पास झाले. फक्त शपथ राहिली होती, ती तीन आठवड्यांनी.

"ताईला फोन लावा," मी म्हटलं. सांगलीत तेव्हा संध्याकाळ होती. तिला कमी ऐकू येतं, म्हणून कॉम्रेडांनी फोन स्पीकरवर टाकून टेबलाच्या मधोमध ठेवला. त्यांनी सांगितलं की काम झालं, पुढच्या महिन्यात येतोय, आता राहायलाच येतोय. ताई रडत असावी. मग नाक ओढून तिनं विचारलं, "काय काय विचारलं रे तुला?"

कॉम्रेड म्हणाले, बरंच काही, राज्यघटना, राष्ट्राध्यक्ष. ताईनं पुन्हा विचारलं, "पक्षाचं विचारलं?"

"विचारलं."

"मग? काय सांगितलंस?"

कॉम्रेडांनी चष्मा काढला. "नव्हतो म्हणालो."

मग ताई हळूच म्हणाली, "जन्मात कधी खोटं बोलला नाहीस तू, अरुण. माझ्यासाठी बोललास ना?"

कॉम्रेडांनी तोंड उघडलं. मग चष्मा पुसायला घेतला. मी, जिला सगळ्यावर काहीतरी बोलायचं असतं, उगाचच भरलेल्या कपांत पुन्हा चहा ओतायला लागले.

श्यामराव टेबलावर वाकले आणि फोनशी तोंड नेऊन मोठ्यानं म्हणाले, "ताई, नमस्कार, मी श्याम बापट. मी अमेरिकेच्या डिफेन्समध्ये होतो, असली माणसं ओळखणं हेच माझं काम. तुमचा भाऊ पक्का कम्युनिस्ट आहे. आम्हाला कधीपासून माहीत होतं."