कपाटाची किल्ली

आमच्या शेजारच्या भाभी गावच्या शाळेत मदतनीस आहेत. तिथलं पुस्तकांचं कपाट कायम बंद. किल्ली फक्त शिकलेल्या ग्रंथपालालाच मिळेल, असं मुख्याध्यापकांनी सांगितलं, तेव्हा भाभींनी चाळिशीत धाराशिवला ग्रंथालयाचा प्रमाणपत्र वर्ग लावला.

अभ्यास स्वयंपाकघरात चाले. पुस्तकांना विषयवार क्रमांक देण्याचा सराव म्हणून त्यांनी डब्यांवरची नावं काढून क्रमांक चिकटवले. ग्रंथालयाच्या पद्धतीत खाण्यापिण्याच्या सगळ्या वस्तूंचा क्रमांक एकच, ६४१; म्हणून साखरेवरही तोच आणि मिठावरही तोच. मला आकड्यात चूक सापडली नाही. त्यांच्याकडचा चहा मात्र खारट निघाला.

“भाऊ, आमी आता डबे हुंगून जेवतो,” त्यांचे मियाँ म्हणाले.

“नाक चांगलं हाय की तुमचं, वापरा जरा,” भाभी आतून म्हणाल्या.

परवा त्या पास झाल्या आणि तडक शाळेत गेल्या. मुलीच्या दाखल्यासाठी मी तिथंच होतो. मुख्याध्यापकांनी किल्ली पुढं केली, पण हातातून सोडेनात.

“पोरं पुस्तकं फाडतील, बाई.”

“फाडू द्या की, सर. चिकटवायचं बी शिकून आलेय!” असं म्हणत भाभींनी किल्ली घेतली आणि कपाटाची दोन्ही दारं सताड उघडली.