लाल ताडपत्रीखालची कोथिंबीर

ताडपत्री घ्यायची तर आधी तिच्याखाली आपला माल धरून बघावा, असं तोमासाचं म्हणणं. मेक्सिको शहरातल्या इस्तापालापाच्या गुरुवारच्या बाजारात ती बावीस वर्षं कोथिंबीर आणि काटे तासलेली निवडुंगाची पानं विकत होती. लाल ताडपत्रीखाली कच्चा टोमॅटोही पिकलेला दिसतो, हिरवा पाला मात्र काळा पडल्यासारखा. म्हणून तिची ताडपत्री पांढरी. स्वस्तातली, दोन पावसाळ्यांत विरणारी. दोरी ओवायचं भोक फाटलं की कोपऱ्यात एक गोटा गुंडाळायचा, त्याच्या मानेशी दोरी आवळायची, की झालं काम.

पण बाजाराचा पुढारी फाउस्तिनो, इथल्या अदबीच्या रीतीने डॉन फाउस्तिनो, याला एके दिवशी शिस्तीची हुक्की आली. रस्ताभर एकच रंग, लाल, आणि तोही त्याच्या मेव्हण्याच्या दुकानातला! हा गृहस्थ वर्षापूर्वी निवडणुकीला उभा राहून सपाटून आपटला होता. तेव्हापासून हुकूम सोडायला त्याला हा बाजारच काय तो उरला होता.

"पुढच्या गुरुवारी लाल दिसली नाही, तर दोऱ्या कापीन आणि जागा दुसऱ्याला देईन," त्याने बजावलं.

"लाल लावली तर माझी कोथिंबीर मेलेली दिसते, डॉन फाउस्तिनो."

"बाकी सगळ्यांनी ऐकलं, दोन्या तोमासा. तुम्हालाच काय शिंगं फुटलीत?"

शेजारची टोमॅटोवाली चायो कुजबुजली, "घे ना बाई लाल. बावीस वर्षांची जागा घालवशील." तिला सांगायला काय जातंय? लाल ताडपत्रीने तिचं भलंच केलं होतं. तोमासाला भीती वाटत नव्हती असं नाही. ही जागा गेली की बाजाराच्या टोकाला, नाल्याकडेला बसायचं, आणि तिथे गिऱ्हाईक फिरकत नाही. पण भीतीपेक्षा तिला राग जास्त आला होता.

घरी पलंगाखाली तिने निवडणुकीचे प्लास्टिकचे फलक गुंडाळून ठेवले होते. निकालाच्या दुसऱ्या दिवशी इथे सगळेच ते खांबांवरून उतरवून आणतात. त्याहून स्वस्त ताडपत्री शोधून सापडायची नाही. जाड, पाणी न झिरपणारी, आणि मागची बाजू पांढरीशुभ्र.

गुरुवारी डॉन फाउस्तिनो कात्री घेऊनच आला. लांबूनच त्याला तोमासाच्या डोक्यावर पांढरं दिसलं. "सांगितलं होतं ना!" म्हणत त्याने पुढची दोरी धरली आणि थबकला. रस्त्याकडे लोंबणाऱ्या टोकावर त्याचाच चेहरा होता, सगळे दात दाखवणारा, आणि खाली ठळक अक्षरं: 'तुमच्या डोक्यावर छप्पर, हा माझा शब्द!'

"कापा की," निवडुंग तासता तासता तोमासा म्हणाली. "कुठून कापताय? नाकावरून?"

कोणीतरी फिसकन हसलं.

"हे... हे काढा आधी."

"का हो? निवडणुकीत दिलेला शब्द आज पहिल्यांदा पाळलात. मी कशी काढू?"

आता अख्खी रांग हसत होती. चारचौघांत स्वतःच्या तोंडाला कात्री लावणं त्याला काही जमलं नाही. कात्री खिशात गेली. "पुढच्या गुरुवारी बघतो," तो पुटपुटला.

"बघा ना! घरी अजून अकरा आहेत."

तो गेल्यावर चायो हळूच सरकत आली. "मलाही एक दे."

"तुला कशाला? टोमॅटोला लालच बरी."

"टोमॅटोसाठी नको गं," चायो म्हणाली. "त्याच्यासाठी हवीय."